कोड टॉकर सैनिकांचे काँग्रेस सुवर्णपदक

दोन महायुद्धांत आपल्या मातृभाषांच्या आधारे गुप्त संदेश पाठविणाऱ्या मूलनिवासी अमेरिकी सैनिकांच्या स्मरणार्थ अमेरिकी संसदेने दिलेले पदक हे ‘कोड टॉकर पदक’ म्हणून ओळखले जाते. हा सन्मान दोन टप्प्यांत प्रदान करण्यात आला. पहिला टप्पा २००१ मध्ये नावाहो जमातीच्या सैनिकांसाठी, तर दुसरा २०१३ मध्ये अन्य ३३ जमातींच्या सैनिकांसाठी होता. दोन्ही वेळा सन्मानार्थींपैकी बहुतेकांचे आधीच निधन झालेले होते.

काँग्रेस सुवर्णपदक हा अमेरिकी संसदेकडून दिला जाणारा सर्वोच्च नागरी सन्मान होय. त्याची परंपरा १७७६ पासूनची असून पहिले पदक जॉर्ज वॉशिंग्टन यांना देण्याचे ठरले होते. प्रत्येक पदकासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी स्वतंत्र कायदा संमत करावा लागतो. पदकाची रचना त्या त्या प्रसंगासाठी नव्याने केली जाते आणि अमेरिकेची टांकसाळ ते घडविते.

पार्श्वभूमी

मूलनिवासी भाषांचा लष्करी उपयोग पहिल्या महायुद्धातच सुरू झाला. ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्रान्समधील आघाडीवर जर्मन सैन्य अमेरिकी दूरध्वनी संदेश चोरून ऐकत असल्याचे लक्षात आल्यावर चॉक्टॉ जमातीच्या सैनिकांना त्यांच्या भाषेत संदेश देण्यास सांगण्यात आले. आधुनिक युद्धातील अनेक वस्तूंना त्या भाषेत शब्द नव्हते. म्हणून तोफेसाठी ‘मोठी बंदूक’, मशिनगनसाठी ‘वेगाने झाडणारी लहान बंदूक’ असे पर्याय योजण्यात आले. शत्रूला त्यांचा अर्थ लागला नाही.

दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत अधिक शास्त्रशुद्ध झाली. मिशनरी कुटुंबातील, नावाहो वस्तीत वाढलेले फिलिप जॉन्स्टन यांनी १९४२ च्या आरंभी मरीन दलापुढे नावाहो भाषेचा प्रस्ताव मांडला. त्यानुसार भरती झालेल्या पहिल्या २९ नावाहो तरुणांनीच मूळ संकेतावली तयार केली. इंग्रजीतील प्रत्येक अक्षरासाठी एक नावाहो शब्द ठरला. ‘ए’ या अक्षरासाठी मुंगी या अर्थाचा शब्द योजला गेला. पाणबुडीला ‘लोखंडी मासा’, रणगाड्याला ‘कासव’, लढाऊ विमानाला ‘गुंजनपक्षी’ आणि हातबाँबला ‘बटाटा’ अशी नावे मिळाली. संपूर्ण संकेतावली मुखोद्गत असल्यामुळे रणांगणावर कोणतेही पुस्तक जवळ बाळगावे लागत नसे. यंत्राने अर्ध्या तासात होणारे तीन ओळींच्या संदेशाचे काम हे सैनिक सुमारे २० सेकंदांत करीत.

केवळ भाषा जाणणाऱ्यासही हे संदेश उलगडत नसत. जपान्यांच्या कैदेत असलेला जो कीयूमिया हा नावाहो सैनिक संकेतावलीत प्रशिक्षित नव्हता. छळ करूनही त्याच्याकडून अर्थ काढून घेता आला नाही, कारण ऐकू येणारे शब्द ओळखीचे असले तरी त्यांचा संदर्भ त्यालाही लागत नव्हता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमा बेटावरील लढाईच्या पहिल्या दोन दिवसांत सहा नावाहो सैनिकांनी ८०० हून अधिक संदेशांची देवघेव एकही चूक न करता केली. युद्ध संपेपर्यंत सुमारे ४०० नावाहो या कामात प्रशिक्षित झाले होते. युरोपात कोमांची जमातीच्या सैनिकांनी ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीतील यूटा किनाऱ्यावर उतरून हीच कामगिरी बजावली.

मौन आणि विलंब

या सैनिकांपैकी अनेकांचे शिक्षण सरकारी निवासी शाळांत झाले होते. तेथे मातृभाषा बोलल्यास शिक्षा होत असे. ज्या भाषेसाठी बालपणी शिक्षा भोगली, तिच्यावरच पुढे त्यांच्या देशाचे सैन्य विसंबून राहिले. मूलनिवासींना नागरिकत्व देणारा सर्वसमावेशक कायदा १९२४ मध्ये झाला होता. तरीही अॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांत त्यांना मताधिकारासाठी १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. युद्धावरून परतलेल्या नावाहो सैनिकांना आपल्याच राज्यात मतदान करता येत नव्हते.

संकेतावलीचा पुन्हा उपयोग होण्याची शक्यता असल्याने तिच्याविषयी मौन पाळण्याचा आदेश होता. १९६८ मध्ये गोपनीयता उठविण्यात आली, तोपर्यंत कुटुंबीयांनाही या कामाची कल्पना नव्हती. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १४ ऑगस्ट हा नावाहो कोड टॉकर दिन घोषित केला. फ्रान्सने १९८९ मध्ये चॉक्टॉ आणि कोमांची सैनिकांचा गौरव केला.

पदकप्रदान

न्यू मेक्सिकोचे सिनेटर जेफ बिंगामन यांनी २००० मध्ये मांडलेल्या प्रस्तावाला त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कायद्याचे रूप मिळाले. २६ जुलै २००१ रोजी संसद भवनात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी मूळ २९ जणांसाठीची सुवर्णपदके प्रदान केली. त्या वेळी २९ पैकी केवळ पाच जण हयात होते आणि त्यांतील चौघेच समारंभास उपस्थित राहू शकले. उर्वरितांची पदके कुटुंबीयांनी स्वीकारली. नंतर प्रशिक्षित झालेल्या सैनिकांना २४ नोव्हेंबर २००१ रोजी नावाहो राष्ट्राची राजधानी विंडो रॉक येथे रौप्यपदके देण्यात आली.

पदकाच्या दर्शनी बाजूस रेडिओवरून संदेश देणारे दोन नावाहो मरीन सैनिक कोरलेले आहेत. मागील बाजूस नावाहो भाषेतील ओळ असून शत्रूचा पराभव करण्यासाठी नावाहो भाषा वापरली गेली, असा तिचा आशय आहे.

अन्य जमाती या गौरवापासून वंचित राहिल्याने १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘कोड टॉकर्स रेकग्निशन अॅक्ट’ अस्तित्वात आला. या कायद्यान्वये प्रत्येक जमातीला स्वतंत्र रचनेचे सुवर्णपदक, तर प्रत्येक सैनिकाला अथवा त्याच्या वारसाला रौप्यपदक देण्याची तरतूद झाली. २० नोव्हेंबर २०१३ रोजी वॉशिंग्टन येथे ३३ जमातींचा गौरव झाला. सेमिनोल जमातीचे वयोवृद्ध एडमंड हार्जो या समारंभास उपस्थित होते. कोमांची जमातीचे अखेरचे कोड टॉकर चार्ल्स चिबिटी यांचे २००५ मध्येच, म्हणजे कायदा होण्यापूर्वी, निधन झाले होते.

मूळ २९ नावाहो सैनिकांपैकी अखेरचे चेस्टर नेझ यांचे ४ जून २०१४ रोजी निधन झाले.