शाळेच्या सभागृहातील रंगभूमी

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना नाटक मंडळ्या, नाट्यगृहे आणि गाजलेले नट यांची नावे प्रथम घेतली जातात. त्या इतिहासाचा फार मोठा भाग मात्र ज्यांचे पोट नाटकावर नव्हते अशा माणसांनी घडविला आहे. कचेरी सुटल्यावर, दवाखाना बंद झाल्यावर, शाळेची शेवटची घंटा झाल्यावर तालमीला जमणारी ही माणसे. त्यांना ‘हौशी’ हे विशेषण लाभले. त्यात कौतुक होते, तसा किंचित उणेपणाही होता. या हौशी रंगभूमीला वेळोवेळी ज्या वास्तूने आसरा दिला, ती वास्तू म्हणजे शाळा.

या परंपरेची मुळे जुनी आहेत. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत राजाश्रयाखाली ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेथून मराठी नाटकाचा आरंभ मानला जातो. पुढे १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षकी करून सरकारी नोकरीत शिरलेले गृहस्थ होते. संगीत नाटकाचा बहर ओसरला आणि बोलपटाने प्रेक्षक ओढून नेला, तेव्हा अनेक व्यावसायिक मंडळ्या मोडल्या. नाटकाची आवड मात्र मोडली नाही. ती गणेशोत्सवाच्या मंडपात, कॉलेजांच्या आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत टिकून राहिली. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने या विखुरलेल्या हौसेला शिस्त, परीक्षक आणि दरवर्षीची एक ठरलेली तारीख दिली.

याच वातावरणात १९६० मध्ये मुंबईत ‘रंगायन’ ही संस्था उभी राहिली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे ही तिच्याशी निगडित असलेली काही नावे. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. त्याचा विषयच हौशी नटमंडळी हा आहे. पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यास निघालेल्या एका हौशी मंडळीशी गाठ पडल्यावरून आपल्याला हे नाटक सुचले, असे तेंडुलकरांनी सांगितले आहे. नाटकातील मंडळी अशाच एका प्रयोगासाठी गावात येते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालवायचा, असा तिचा नेहमीचा कार्यक्रम असतो. प्रयोगाला वेळ आहे म्हणून गंमतीखातर एक लुटुपुटीचा खटला उभा राहतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात लीला बेणारे या शिक्षिकेला उभे केले जाते. बघता बघता खेळ संपतो आणि शिकार सुरू होते. तिचे खासगी आयुष्य साक्षीपुराव्यांत उलगडले जाते, संस्थाचालकांनी तिला नोकरीवरून काढण्याचे ठरविल्याची वार्ताही त्याच कोर्टात सांगितली जाते. हौशी नाटकात काम करणारी माणसे निरुपद्रवी असतात, हा समज या नाटकाने कायमचा पुसून टाकला.

या नाटकाचा शाळेशी असलेला संबंध केवळ कथानकापुरता नाही. बेणारेची भूमिका करणाऱ्या सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका होत्या. विद्यार्थ्यांची नाटके बसविता बसविताच त्यांच्यातील अभिनेत्री घडत गेली. वर्गात मुलांसमोर उभे राहणाऱ्या बाईने रंगमंचावर एका शिक्षिकेची विटंबना साकारावी, यातील अर्थ प्रेक्षकांनाही जाणवला असला पाहिजे.

कोलकात्यात याच काळात असेच काही घडत होते. १९४४ मधील ‘नवान्न’पासून बंगाली रंगभूमीने व्यावसायिक थिएटरांकडे पाठ फिरविणारी एक वाट धरली. १९४८ मध्ये शंभू मित्र यांच्या ‘बहुरूपी’ने त्या वाटेला संस्थेचे रूप दिले, आणि पुढे ‘ग्रुप थिएटर’ हे नाव रूढ झाले. बेहालासारख्या उपनगरांतून दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम हा या नटांचा दिनक्रम. पाड्यातील क्लब, एखाद्या शाळेची मोकळी खोली, जेथे जागा मिळेल तेथे संवाद पाठ व्हायचे. १९७१ मध्ये ‘बहुरूपी’ने ‘शांतता!’चा बंगाली अवतार सादर केला, तेव्हा मराठी हौशी मंडळीची गोष्ट बंगाली हौशी मंडळीच्या तोंडून बोलली गेली. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. पेशाने नगररचनाकार असलेले बादल सरकार १९७० च्या दशकात रंगमंचाची चौकट, पडदा आणि भपका यांचा त्याग करून अंगणात, उद्यानात, साध्या खोलीत प्रेक्षकांच्या मधोमध नाटक करू लागले. त्यांचे ‘मिछिल’ हे नाटक ‘जुलूस’ या नावाने अमोल पालेकर यांनी मुंबईत केले.

ते जेथे झाले ती जागा म्हणजे छबिलदास शाळेचे सभागृह. ‘रंगायन’मधून बाहेर पडून अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ स्थापन केली आणि १९७४ पासून या सभागृहात प्रयोग होऊ लागले. दिवसा तेथे मुलांचा गलबला असे. सायंकाळी त्याच जमिनीवर प्रेक्षक बसत. भव्य मंच नव्हता, नेपथ्य जुजबी होते, बाहेरच्या गल्लीतील दादरचा कोलाहल आत येत असे. पण नाट्यगृहाच्या भाड्याची धास्ती नसल्याने एखाद्या नव्या लेखकाला पडण्याचीही मुभा मिळाली. हौशी रंगभूमीला याच मुभेची सर्वाधिक गरज असते. गल्लीतील बटाटेवडा खात प्रयोगावर तासन् तास वाद घालणारा एक प्रेक्षकही तेथेच तयार झाला. सत्यदेव दुबे यांच्यासारखे दिग्दर्शक आणि अनेक भाषांतील नाटके या सभागृहात आली, म्हणून ‘छबिलदास’ हे शाळेचे नाव एका चळवळीचे नाव झाले. ‘आविष्कार’ने मुलांसाठी ‘चंद्रशाला’ हा विभागही काढला.

शाळेची जागा देणे हा सोपा निर्णय नसतो. परीक्षा, वर्गांची स्वच्छता, शेजाऱ्यांच्या तक्रारी, एखाद्या नाटकाच्या विषयावरून होणारा गदारोळ, या साऱ्यांची जबाबदारी अखेर संस्थेवर येते. छबिलदासमधील चळवळही १९९० च्या दशकाच्या आरंभी थांबली आणि ‘आविष्कार’ला माहीमच्या पालिका शाळेत आसरा घ्यावा लागला. पण जेवढी वर्षे ते सभागृह उघडे राहिले, तेवढ्या वर्षांत एका पिढीला घडण्याची जागा मिळाली.

पुण्यात १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ करणारे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे वैद्यकीय व्यवसायातले, डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. त्यांच्यापैकी कुणाच्याही यशाचे श्रेय एकट्या शाळेला देता येणार नाही. तरीही आधी कुठल्यातरी स्नेहसंमेलनात कुणीतरी मुलाला रंगमंचावर ढकलले, शब्द अडखळला तेव्हा पडद्याआडून आठवण करून दिली आणि हशा झाला तरी पुन्हा उभे केले, या गोष्टींशिवाय हौशी नट घडत नाही. शाळा हीरक महोत्सव साजरा करते तेव्हा गुणवत्ता यादीतील नावे सर्वांच्या ओठांवर असतात. त्यांच्याबरोबर सभागृहाच्या त्या लाकडी मंचाचीही नोंद व्हावी. आणि शाळा नव्या इमारतीत गेलीच, तर आराखड्यात तो मंच आधी आखला जावा.