‘दर्या’ आणि ‘दऱ्या’: मुक्त स्रोत प्रणालीतील दुरुस्ती

‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेल्या निमंत्रणांत तर विद्वान आणि स्वयंपाकी यांच्याएवढे अंतर पडते. संगणकाच्या पडद्यावर हा भेद टिकतो, त्याचे बरेचसे श्रेय मुक्त स्रोत प्रणालीवर काम करणाऱ्यांना आहे. त्यांत पगारी अभियंते आहेत, तसे स्वयंसेवकही.

फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड यांमध्ये अक्षरांची जुळणी ‘हार्फबझ’ ही मुक्त स्रोत लायब्ररी करते. युनिकोडनुसार ‘ऱ’पुढे हलन्त आणि व्यंजन आले की पापणीसारखा अर्धा र उमटतो. ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही तेच रूप मिळते. त्यामुळे दिसायला एकच असलेला शब्द दोन प्रकारे साठवला जातो आणि शोधताना एखादा निसटतो. फॉन्टमध्ये नियमच नसेल, तर ‘ऱ’ पाय मोडलेल्या अवस्थेत तसाच उभा राहतो.

‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्या तक्रारीने काही साधत नाही. नेमका शब्द, फॉन्ट, आवृत्ती आणि अपेक्षित रूप कळवावे लागते, कारण तपासणाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही. मग ‘पॅच’ तयार होतो, म्हणजे कोणत्या ओळी वगळल्या आणि कोणत्या घातल्या याची नोंद. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये याच नावाचा प्रोग्रॅम लिहिला; २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे ‘गिट’ आले.

खरी अडचण पुढेच आहे. वडोद्यातील मराठी घरात लग्नपत्रिका देवनागरीत असते, दुकानाची पावती गुजरातीत. हार्फबझमध्ये या दोन्ही लिप्या, आणि बंगाली, कन्नड, मल्याळमसारख्या इतरही, एकाच विभागातून जुळतात. देवनागरीसाठी बदललेली ओळ गुजराती जोडाक्षर मोडू शकते. म्हणून विकासकांनी विकिपीडियातील शब्दांचे मोठे साठे घेऊन आपली जुळणी मायक्रोसॉफ्टच्या ‘युनिस्क्राइब’शी ताडून पाहिली आणि न जुळलेल्या शब्दांची संख्या लिपीनिहाय नोंदवली.

तरीही मोडतोड होते. तेव्हा ‘गिट बायसेक्ट’ कामी येते: मधली आवृत्ती तपासायची, निर्दोष अर्धा भाग बाजूला ठेवायचा. हजार बदलांतील दोषी बदल सुमारे दहा तपासण्यांत हाती लागतो. तो आधी मागे घ्यावा, सुधारणा नंतर सावकाश करावी. पॅच लिहिणाऱ्याला हे झोंबते, पण वापरणाऱ्यांचे काम अडवून ठेवण्यापेक्षा ते बरे. बिघडलेला शब्द चाचणीसंचात घातला जातो आणि पुढचा प्रत्येक पॅच त्या शब्दावर तपासला जातो.