जाण्याची तयारी आणि येण्याची तयारी

गेल्या श्रावणात आमच्या मंडळातील एका भगिनीच्या घरी मंगळागौरीला गेलो असताना फुगड्या राहिल्या बाजूला आणि आम्ही सगळ्याजणी एका बॅगेभोवती कोंडाळे करून बसलो. त्यांची धाकटी लेक परिचारिका आहे. तिला जर्मनीत नोकरी लागली होती. मेतकूट, गोडा मसाला, आमसुले, थालीपिठाची भाजणी असे डबे एकापाठोपाठ एक बॅगेत जात होते आणि काटा तेवीस किलोच्या पुढे गेला की परत बाहेर येत होते.

डबे भरता भरता वाद सुरू झाला. एक काकू म्हणाल्या, "आपल्याकडे आजारी माणसे कमी का आहेत, म्हणून परक्यांची सेवा करायला सातासमुद्रापलीकडे जायचे?" मुलीने शांतपणे उत्तर दिले, "काकू, पाच वर्षे कंत्राटावर रात्रपाळ्या केल्या. हातात काय येत होते ते आईला विचारा." काकू गप्प झाल्या. थोड्या वेळाने मुलीच्या आजीने तिच्या हातावर दही घातले आणि एवढेच विचारले, "पण परत येशील ना गं?"

तो प्रश्न माझ्या मनातून काही केल्या जाईना. घरी आल्यावर कपाटातली जुनी चरित्रे काढून बसले. हीच बॅग आपल्यापैकी पहिल्या बायकांनी कशी भरली असेल, आणि त्यांना हा प्रश्न कोणी विचारला असेल का, हे पाहावे असे वाटले.

सन १८८३. आनंदीबाई जोशी त्या वेळी नुकत्याच अठरा वर्षांच्या झाल्या होत्या. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला असल्यामुळे बदलीच्या गावी, बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांचे बिऱ्हाड होते. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातूनच वैद्यकी शिकण्याचा निश्चय दृढ झाला. अमेरिकेला जाणार ही वार्ता पसरताच लोकांनी त्यांना भंडावून सोडले. अखेर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केले आणि लोकांचे आक्षेप एकेक घेऊन त्यांना उत्तरे दिली. अमेरिकेस कशासाठी? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकटीच का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? काही संकट ओढवले तर काय? आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते तूच का करावे?

भगिनींनो, हे प्रश्न वाचताना मला तर मंगळागौरीची बैठकच आठवली. आनंदीबाईंची उत्तरे मात्र मुद्द्याची होती. या देशात बायकांना बायका डॉक्टर हव्यात, ही पहिली गोष्ट. मद्रासच्या मेडिकल कॉलेजने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता खरा. पण शिकवणारे सारे पुरुष, आणि हिंदू स्त्रीला तेथे मोकळेपणाने शिकता येणे अवघड. एकटी का, तर गोपाळरावांवर घरच्या माणसांचा भार होता आणि दोघांच्या खर्चाइतका पैसा नव्हता. वाळीत पडण्याचे भय नाही, कारण आपला आहार, पोषाख आणि आचार जसा आहे तसाच ठेवणार.

अंगावरचे दागिने विकले गेले, वर्गणीची भर पडली. ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून आगबोट निघाली आणि ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास. सोबतीला मिशनरी बाया, आपल्या भाषेचे माणूस एकही नाही. उतरवून घ्यायला आलेल्या कार्पेंटरबाईंची ओळखही पत्रांतलीच. त्यांना आनंदीबाई 'मावशी' म्हणत. परक्या मुलखात पाऊल टाकण्याआधी त्यांनी नाते जोडून ठेवले होते, ही तयारी कुठल्याही पेटीत मावणारी नव्हती.

आचार जसाच्या तसा ठेवणे मात्र सोपे नव्हते. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने पातळ नेसण्यास सुरुवात केली. एवढ्या फरकासाठीही त्यांना मनाशी विचार करावा लागला. मांसाहार केला नाही. त्या देशातल्या अन्नात पोटापुरते काय मिळेल आणि खोली उबदार कशी राहील, या रोजच्या विवंचना. आपण त्यांची पदवी लक्षात ठेवतो, ही रोजची झीज विसरतो. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या.

त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याही १८८३ सालीच देशाबाहेर पडल्या होत्या; वैधव्य पदरी, दोन वर्षांची मनोरमा कडेवर, आणि वाटखर्च 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेला. इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यामुळे इकडे केवढे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि तेथे संस्कृत शिकवीतही होत्या. विद्वत्ता अशी, की तिकडेच अध्यापन करीत त्या सुखाने राहू शकल्या असत्या. परंतु समारंभासाठी म्हणून अमेरिकेस गेल्या त्या तेथे गावोगाव व्याख्याने देत फिरल्या, आणि १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या नियोजित कार्याला दहा वर्षे पैसा पुरविण्यासाठी संस्था स्थापन झाली. म्हणजे पैसा तिकडचा, काम इकडचे! ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली.

त्याच १८८९ सालात तिसरी स्त्री लंडनला गेली, डॉक्टर रखमाबाई. बालपणी झालेला विवाह नाकारल्याबद्दल कोर्टाने त्यांना १८८७ साली नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले होते. जिला आपल्या समाजाने असे वागविले तिने परत तोंड दाखवायचे नाही असे ठरविले असते, तर कोण दोष देणार होते? तरी त्या परतल्या. सुरतेस, नंतर राजकोटला स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. सन १९५५ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्यांचे निधन झाले.

आणि आनंदीबाई? त्या अमेरिकेत असतानाच कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना देऊ केली होती. पेटी भरण्यापूर्वीच येथे खुर्ची मांडली गेली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांना पाऊल टाकता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी मात्र अमेरिकेला मावशीकडे गेल्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. ज्या मुलीने परत येण्याचा शब्द पाळला, तिचा एक अंश तिकडे राहिला, आणि त्यात विपरीत असे कोणालाही वाटू नये.

या तिघींच्या हकीकती शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. त्या परतल्या त्या केवळ देशप्रेमाने, असे म्हणणे सोपे आहे. पण तेवढे पुरेसे नाही. इकडे त्यांच्यासाठी काम होते. एकीसाठी दरबाराने जागा राखली, दुसरीने परक्या देशातल्या बायकांच्या मदतीने स्वतःची जागा निर्माण केली, तिसरीला रुग्णालयाने मानाने ठेवून घेतले. प्रवासाची निम्मी तयारी जाणारीने करावयाची असते. उरलेली निम्मी मागे राहणाऱ्यांची.

म्हणून त्या काकूंनाही मी दोष देत नाही. त्यांच्या बोलण्यात माया होती. पण "इथे आजारी माणसे कमी का आहेत?" असे विचारताना "इथे परिचारिकेला नीट पगार आणि मान का नाही?" हेही आपणच विचारायला हवे, आणि ते त्या मुलीला नव्हे. तिचे दैनंदिन जिणे तिकडे सोपे असणार नाही. परकी भाषा, थंडी, एकटे जेवण. ती तिथेच राहिली तरी ती आपलीच आहे. पण ती कधी परतलीच, तर तिच्यासाठी काय मांडून ठेवले आहे?

आपल्या मंडळाच्या हाती दरबार नाही, हे खरे. तरी गावातल्या दवाखान्यात किती परिचारिका कंत्राटावर आहेत आणि त्यांना रात्री घरी पोहोचायला काय सोय आहे, एवढे विचारायला जाणे आपल्याला अशक्य नाही. येत्या वर्षीच्या कार्यक्रमात हळदीकुंकवाच्या जोडीला ही एक फेरीही असावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

मुलगी सुखरूप पोहोचली. भाजणी संपली, असा परवाच निरोप आला. आजी नवी भाजणी भाजायला बसल्या आहेत.