रॉबर्ट रिच कोण होता?

२७ मार्च १९५७. हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमध्ये ऑस्करचा सोहळा चालू आहे. सर्वोत्कृष्ट कथेचं पाकीट डेबोरा कर उघडते आणि नाव वाचते: रॉबर्ट रिच, सिनेमा ‘द ब्रेव्ह वन’. टाळ्या पडतात, पण स्टेजवर कुणीच येत नाही. शेवटी लेखक संघटनेचा पदाधिकारी जेसी लास्की ज्युनिअर वर जातो, बाहुली घेतो आणि रिच बायकोच्या बाळंतपणात अडकलाय असं ठोकून देतो. नंतर संघटनेनं आपलं रजिस्टर काढून बघितलं, तर या नावाचा सभासदच नाही! रॉबर्ट रिच नावाचा एक माणूस होता, पण तो निर्मात्यांच्या नात्यातला तरुण. त्यानं कथा वगैरे काही लिहिली नव्हती.

लिहिली होती डाल्टन ट्रम्बोनं. दहा वर्षांपूर्वी हा हॉलिवूडमधल्या सगळ्यात महागड्या पटकथालेखकांपैकी एक होता. एका पटकथेचे पंच्याहत्तर हजार डॉलर घेणारा. आता त्याला स्वतःचं नाव लावायची बंदी होती.

मला ट्रम्बो सापडला तो ‘रोमन हॉलिडे’मुळे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून ती फाइल आली होती. ऑड्रे हेपबर्न बघून आम्ही सगळे गार. लेखक कोण, हे बघायची तेव्हा सवय नव्हती. पुढे कळलं की पडद्यावर ज्याचं नाव होतं, त्या इयान मॅक्लेलन हंटरनं ट्रम्बोला फक्त आपलं नाव उसनं दिलं होतं. १९५४ मध्ये कथेचं ऑस्करही हंटरलाच मिळालं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हंटर स्वतःच पुढे काळ्या यादीत गेला.

तर ही यादी आली कुठून?

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीनं हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची जाहीर चौकशी सुरू केली. अध्यक्ष जे. पार्नेल थॉमस. वॉल्ट डिस्ने, गॅरी कूपर, रोनाल्ड रेगन अशी मंडळी समितीच्या बाजूनं बोलून गेली. जॅक वॉर्नरही आला. चारच वर्षांपूर्वी, रशिया दोस्त होता तेव्हा, याच्याच स्टुडिओनं ‘मिशन टू मॉस्को’ काढला होता. आता तो हात झटकत होता.

मग दहा जण असे आले, ज्यांनी ‘तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होतात का?’ या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, पहिली घटनादुरुस्ती आम्हाला मताचं स्वातंत्र्य देते, तुम्ही विचारणारे कोण? संसदेनं ३४६ विरुद्ध १७ मतांनी त्यांना अवमानाचे दोषी धरलं. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला आणि दहाही जण तुरुंगात गेले. त्यातल्या रिंग लार्डनर ज्युनिअर आणि लेस्टर कोल यांना डॅनबरीच्या तुरुंगात एक ओळखीचा कैदी भेटला: खुद्द पार्नेल थॉमस. आपल्या ऑफिसात खोटे कर्मचारी दाखवून त्यांचे पगार खिशात घातले म्हणून तो आत आला होता. हा प्रसंग पटकथेत लिहिला असता तर निर्मात्यानं ‘फार फिल्मी होतंय’ म्हणून कापला असता.

हे दहा जण धुतल्या तांदळासारखे होते असं मला म्हणायचं नाही. ते बहुतेक खरोखरच पक्षात होते, आणि पक्ष स्टॅलिनची पाठराखण करत होता. त्यांच्यातल्याच आल्बर्ट मॉल्ट्झनं १९४६ मध्ये लिहिलं होतं की लेखकाला निव्वळ राजकारणाच्या तराजूत तोलू नका. त्यावर पक्षातल्याच लोकांनी त्याला इतकं झोडपलं की दोन महिन्यांत त्याला आपले शब्द गिळावे लागले. पण पक्ष कायदेशीर होता. त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप कुणी ठेवला नव्हता.

नोव्हेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात स्टुडिओंचे मालक जमले आणि त्यांनी निवेदन काढलं: या दहांना कामावरून काढतो, यापुढे जाणूनबुजून कम्युनिस्टाला काम देणार नाही. याच निवेदनात, यानं निरपराध माणसं भरडली जाण्याचा आणि भीतीचं वातावरण तयार होण्याचा धोका आहे, असंही लिहिलं होतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पण १९४६ नंतर तिकीटबारी उतरणीला लागली होती आणि बहिष्काराच्या नुसत्या शक्यतेनं त्यांना घाम फुटत होता.

यानंतरचा भाग मला सगळ्यात भयंकर वाटतो, कदाचित माझ्या धंद्यामुळे. स्टुडिओंची ‘काळी यादी’ नावाची अधिकृत फाइल कुठेच नव्हती. विचारलं की सगळे म्हणत, यादी? कसली यादी? माझ्या आधीच्या कंपनीत एकदा कपातीची कुजबुज होती. एचआरनं हसत सांगितलं, अशी काही यादी नाही. तिसऱ्या शुक्रवारी दुपारी माझ्या शेजारच्याचं लॉगिन बंद झालं. तेव्हा मला हा इतिहास माहीत असता तर त्या हसण्याचा अर्थ जरा लवकर कळला असता.

अधिकृत यादी नाही म्हणून खासगी याद्यांचा बाजार उभा राहिला. १९५० मध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाचं पुस्तक निघालं, त्यात रेडिओ-टीव्हीतली १५१ नावं. कुणी कुठल्या अर्जावर सही केली, कुठल्या सभेला गेलं, एवढाच पुरावा. आणि नावं म्हणजे नुसती नावं! डेटाबेसमध्ये आपण नावाला कधी प्रायमरी की करत नाही, कारण एका नावाची दहा माणसं असतात. इथे तेच केलं होतं. १९४९ मध्ये नॅन्सी डेव्हिस या नटीचं नाव अशाच एका यादीत आलं. ती दुसरीच नॅन्सी डेव्हिस होती. हिनं घाबरून नटांच्या संघटनेच्या अध्यक्षाकडे धाव घेतली, त्यानं नाव साफ करून दिलं. अध्यक्षाचं नाव रोनाल्ड रेगन. १९५२ मध्ये दोघांनी लग्न केलं. तिची ओळख मोठी निघाली. ज्यांची नव्हती त्यांचं काय?

यादीतून बाहेर पडायचा रस्ताही ठरलेला होता: समितीपुढे जायचं आणि मित्रांची नावं द्यायची. समितीला बहुतेक नावं आधीच माहीत असत. तिला माहिती नको होती, तुम्ही वाकलेले दिसायला हवे होते. दहा जणांचे हाल बघून पुढचे साक्षीदार पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊ लागले, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको. त्यानं तुरुंग टळे, काम मात्र जाई. आणि ‘मी माझ्याबद्दल सांगतो, इतरांबद्दल नाही’ ही मधली वाट कायद्यानं बंद होती. स्वतःबद्दल बोललात की तो हक्क सोडला असं धरलं जाई, मग इतरांबद्दल गप्प बसणं हा अवमान. १९५१ मध्ये लॅरी पार्क्स या नटानं, मला चिखलात सरपटायला लावू नका, अशी विनवणी केली. शेवटी बंद दाराआड त्यानं नावं दिली. तरी त्याचं करिअर बुडालंच. एलिया कझाननं १९५२ मध्ये आठ नावं दिली आणि दोन वर्षांत ‘ऑन द वॉटरफ्रंट’ काढला. फिलिप लोब ‘द गोल्डबर्ग्ज’ या गाजलेल्या मालिकेत बापाचं काम करायचा. त्याला काढलं. १९५५ मध्ये त्यानं आत्महत्या केली.

ट्रम्बो तगला, कारण लेखकाचं काम तोंड न दाखवता होतं. नटाला ती सोय कुठली? पण भाव कोसळला. काही हजारांत, कधी त्याहूनही कमीत, तो टोपणनावांनी पटकथा पाडत राहिला. निर्मात्यांची चंगळच. पहिल्या दर्जाचा लेखक, तोही किरकोळ भावात! स्टुडिओवाल्यांच्या देशभक्तीबद्दल मला जो संशय आहे तो इथून सुरू होतो.

१९५८ मध्ये तर ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेचं ऑस्कर पिएर बूलला मिळालं. हा फ्रेंच कादंबरीकार इंग्रजीत लिहीत नसे. खरे लेखक कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन, दोघेही यादीतले. सगळ्या गावाला ठाऊक होतं. ट्रम्बो शहाणा. रॉबर्ट रिच तूच का, असं पत्रकारांनी विचारलं की तो हो म्हणेना आणि नाही म्हणेना. लोक त्याला हसत नव्हते, यादीला हसायला लागले होते. १९६० मध्ये ऑटो प्रेमिंजरनं ‘एक्सोडस’साठी आणि कर्क डग्लसनं ‘स्पार्टाकस’साठी ट्रम्बोचं नाव उघडपणे लावलं. बाहेर निदर्शनं झाली, पण केनेडी ‘स्पार्टाकस’ बघायला गेले आणि सिनेमा चालला.

‘द ब्रेव्ह वन’ची बाहुली ट्रम्बोच्या हातात १९७५ मध्ये पडली. पुढच्या वर्षी तो गेला. ‘रोमन हॉलिडे’ची १९९३ मध्ये त्याच्या बायकोला, क्लिओला मिळाली. पटकथेचं श्रेय लेखक संघटनेनं अधिकृतपणे परत दिलं ते २०११ मध्ये.

हॉस्टेलवरची ती फाइल माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर अजून आहे. परवा पुन्हा लावली. नावं यायला लागल्यावर पॉज केलं. तिच्यात अजून हंटरच आहे.