सावली, पाणी, पेटी, पाळणा

सरकारी रोजगाराच्या कामावर मजुरांसाठी चार गोष्टी असल्याच पाहिजेत, असा नियम आहे. दुपारी टेकायला सावली, प्यायला स्वच्छ पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि लहान मुलांना सांभाळायला एक बाई. त्यांच्या जोडीला पाचवी गोष्ट येते, बाईला आणि पुरुषाला एकाच दराने मजुरी. आज या गोष्टी साध्या वाटतात. पण त्या नियमात यायला शंभर वर्षं लागली आणि या कुळकथेचा एक धागा सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातून जातो.

तालुक्यातल्या आष्टीचा तलाव इंग्रजी अमदानीतला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो दुष्काळ कोसळला, त्यात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. गावंच्या गावं पोट घेऊन बाहेर पडली. सरकारने त्यांना तलावाची, रस्त्याची कामं दिली. आष्टीचा बांध हे त्याच काळातलं काम, पुढे १८८० च्या दशकात पुरं झालेलं. डोक्यावर पाटी घेऊन त्या काळात माती वाहिली ती बायकांनी, पोरांनी आणि अर्धपोटी गड्यांनी.

त्या कामांवर नियम होते, पण ते मजुराला किती द्यायचं यापेक्षा किती कमी देऊन भागेल याचे. १८७७ च्या सुरुवातीला सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी रोजाचं प्रमाण खाली आणलं. धडधाकट गड्याला दिवसाला एक पौंड धान्याचे पैसे आणि वर एक आणा. बाईला त्याहून कमी, मुलाला त्याहून कमी. मद्रास इलाख्यातल्या आरोग्य खात्याचे अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्यावर कष्ट करणारं शरीर तगणार नाही, असं स्पष्ट बजावलं. मुंबई इलाख्यात कमी रोजाच्या कामांवरून हजारो माणसं उठून गेली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. उपाशी माणसांनी हातातलं काम टाकून देणं ही लहान गोष्ट नव्हे. दुष्काळी कामावरच्या मजुराला काही मागण्याचा हक्क आहे, ही कल्पना इथे पहिल्यांदा उभी राहिली.

या दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. पिण्याच्या पाण्याची राखण, आजाऱ्यांसाठी दवाखाना, काम न झेपणाऱ्यांची सोय, या गोष्टी कागदावर चढल्या. कामाच्या छावणीत पटकी शिरली की माणसं पटापट मरत, म्हणून पाण्याला पहिला मान मिळाला. मजुरीची पायरी मात्र तशीच राहिली. गडी वर, बाई खाली, पोर त्याच्याही खाली.

याच सुमारास मुंबईत दुसरा प्रवाह सुरू झाला होता. १८८१ साली गिरण्यांसाठी पहिला फॅक्टरी कायदा झाला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणलं आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. यंत्राला कुंपण, कामाच्या तासांना मर्यादा, पुढे पाळणाघर, असे नियम या प्रवाहातून वाढत गेले आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात एकत्र आले. पण हा कायदा कारखान्याच्या फाटकाच्या आत चालणारा. उघड्या माळावर खडी फोडणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

तिच्या वाट्याला आलं ते १९७२ च्या दुष्काळात. सोलापूर जिल्ह्यात वडीलधाऱ्यांपुढे बहात्तर म्हटलं की लगेच लाल मिलो आणि सुकडी निघते. कामं म्हणजे पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि सगळ्यांत जास्त खडी. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती आणि त्यांत बायकांचा वाटा फार मोठा होता. दगडाची कपची उडून डोळ्यात जायची, हातोडा बोटावर बसायचा. तान्हं मूल बाभळीला बांधलेल्या झोळीत, त्याहून थोरलं भावंड झोळीला झोका द्यायला, आणि आई तिथून पन्नास पावलांवर उन्हात. पेटी आणि पाळणा नियमात कसे आले, हे समजायला एवढं चित्र पुरे आहे. मजूर संघटनांनी, त्यातही बायकांनी, वेळेवर पगार, कामावर पाणी आणि मुलांची सोय या मागण्या मोर्च्यांतून लावून धरल्या.

रोजगार हमीची कल्पना त्याआधीच रुजली होती. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, १९६५ च्या सुमारास तिचा प्रयोग केला. दुष्काळाने ती कल्पना राज्यभर पोचवली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला. पाणी, सावली, प्रथमोपचार आणि मुलांची सोय ही काम देणाऱ्याची जबाबदारी ठरली. कामावर अपघाती मृत्यू आला तर घरच्यांना भरपाई देण्याची तरतूदही झाली.

मजुरीतला भेद कसा मिटवला, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. हमीच्या कामावर माती मोजून पैसे. खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा मुद्दाम न खणता ठेवतात. त्याच्या उंचीवरून खोली कळते. लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार झाला की टोळीने किती घनमीटर माती काढली ते निघतं आणि त्यावर दर लागतो. टोळीत गडी खणतो, बाई पाटी उचलून बांधावर टाकते. दोघांपैकी एक थांबला तर दुसऱ्याचं काम अडतं. माती कुणी काढली, गड्याने की बाईने, हे मोजपट्टीला विचारता येत नाही. म्हणून दर एकच. देशाचा समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण खेड्यातल्या बाईला समान दर पहिल्यांदा दिसला तो बहुधा मस्टरवर, स्वतःच्या अंगठ्यापुढे.

२००५ साली केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राच्या या अनुभवाचा मोठा आधार होता. त्यात चारही गोष्टी नेमक्या शब्दांत आल्या. सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं कामावर असतील तर त्यांच्यासाठी एक बाई नेमायची, आणि तिला इतर मजुरांइतकीच मजुरी द्यायची. कामावर इजा झाली तर औषधोपचार फुकट, आणि दवाखान्यात राहावं लागलं तर निदान निम्मी मजुरी. बायकांना किमान एक तृतीयांश कामं. कागदावरची सावली बांधावर दिसत नाही, ही तक्रार तेव्हाही होती आणि आजही आहे. पण तक्रार करता येते, कारण नियम आहे आणि तो कुणावर बंधनकारक आहे हे ठाऊक आहे.

इथून पुढची कथा पुन्हा मोहोळला येते. १९८० च्या सुमारास भीमेवर उजनी धरण झालं, कालव्याने पाणी फिरलं आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. टाकळी सिकंदरला भीमा सहकारी साखर कारखाना आला, पाठोपाठ तालुक्यात आणखी कारखाने आले. ज्या तालुक्याने दुष्काळी कामावर पाट्या वाहिल्या, त्याच्या फडात आता बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतली माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला येतात. कालचा मजूर तालुका आज काम देणारा झाला आहे.

त्या फडात या चारांपैकी काय असतं? पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते. पाचटाने अंग कापतं. मोळी डोक्यावर घेऊन बाई ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढते. मूल बांधावर वाढ्याच्या ढिगाशेजारी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि बाईच्या नावाचा हिशेब कुठेच नसतो. पाळी असो, ताप असो, खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. आराम नाही, आडोसा नाही, खाडा परवडत नाही, अशा कामाची ही किंमत आहे.

कारखान्याच्या फाटकाच्या आत हेल्मेट आहे, दवाखाना आहे, तपासणीला निरीक्षक येतो. फाटकाबाहेर फडात मालक कोण, हे विचारलं की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम टोळीकडे. आष्टीच्या बांधावर निदान सरकार समोर होतं. त्याच्याशी भांडता आलं, आणि भांडून नियम मिळाले. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ झालं, हे चांगलं झालं. पण कल्याण आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जबाबदारी ठरवायला नवा शोध लावायची गरज नाही. दर हंगामाआधी प्रत्येक कारखान्याला साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान भाव, थकवली तर हा परवाना अडवता येतो, आणि तो अडवलाही गेला आहे. त्याच परवान्यात फडावरची सावली, पाणी, पेटी आणि पाळणा यांची अट घाला. कोयत्याच्या करारावर बाईचं नाव वेगळं लिहा आणि तिच्या खात्यात तिचे पैसे भरा. ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो तोच काम देणारा, एवढं एक वाक्य नियमात आलं तरी पुरे. दुष्काळी कामावरच्या माणसांनी शंभर वर्षं झगडून जे मिळवलं, त्यावर त्यांच्याच रानात राबणाऱ्या परमुलखातल्या बाईचाही तेवढाच हक्क आहे, आणि तो द्यायची सुरुवात मोहोळसारख्या तालुक्याने करावी.