आधी उद्दिष्ट, मग तंत्रज्ञान : डिजिटल प्रकल्पांचे दोन धडे

एखादी संस्था नवी संगणकप्रणाली उभारण्याचे ठरवते, तेव्हा कोणते तंत्रज्ञान घ्यावे, हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. व्यवसायाला नेमके काय साध्य करावयाचे आहे, हा प्रश्न मागे पडतो. हा क्रम चुकल्यास काय घडते, हे दोन प्रकल्पांवरून समजून घेता येते. त्यांपैकी एका प्रकल्पाचा संबंध बंगळुरूच्या सर्जापूर रोडशी, तर दुसऱ्याचा कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरशी आहे.

नॅशनल ग्रिडचा अनुभव

सर्जापूर रोडवरील दोड्डकन्नेल्ली येथे विप्रो कंपनीचे मुख्यालय आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तूप तयार करण्यासाठी स्थापन झालेली ही कंपनी १९८० च्या दशकात संगणक क्षेत्रात उतरली. जगभरातील उद्योगांसाठी संगणकप्रणाली उभारणे हा आज तिचा प्रमुख व्यवसाय आहे.

अमेरिकेच्या ईशान्य भागात वीज आणि नैसर्गिक वायू पुरवणाऱ्या नॅशनल ग्रिड कंपनीने लेखा, वेतन आणि खरेदी या कामांसाठी जर्मनीच्या सॅप कंपनीची प्रणाली निवडली. ती बसवण्याचे काम विप्रोकडे सोपवण्यात आले. ५ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रणाली सुरू झाली. त्यापूर्वी जेमतेम आठवडाभर आधी, २९ ऑक्टोबर रोजी, सँडी चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकले होते. कर्मचारी वीजपुरवठा पूर्ववत करण्यासाठी जादा काम करत होते आणि त्यांच्या वेतनाचा हिशेब नव्या प्रणालीवर सोपवण्यात आला होता.

अनेकांना चुकीचे वेतन मिळाले. पुरवठादारांची हजारो देयके तुंबली. महिनाअखेरचे हिशेब बंद करण्यास पूर्वी सुमारे ४ दिवस लागत, ते काम ४३ दिवसांपर्यंत लांबले. नॅशनल ग्रिडने २०१७ मध्ये विप्रोविरुद्ध दावा दाखल केला. २०१८ मध्ये विप्रोने ७.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्यामुळे दोष कोणाचा, याचा न्यायनिवाडा झाला नाही.

तथापि, एक बाब स्पष्ट होते. ठरल्या तारखेला प्रणाली सुरू करणे ही प्रकल्पाची गरज होती, तर संकटकाळात कर्मचाऱ्यांना अचूक वेतन देणे ही व्यवसायाची गरज होती. या दोहोंत अग्रक्रम कशाला, हे ठरवणे यंत्रणेच्या नव्हे, व्यवस्थापनाच्या हाती असते.

वारणेचा अनुभव

दुसरे उदाहरण सहकार क्षेत्रातील आहे. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावी संगणक केंद्रे उघडून शेतकऱ्यांना शेतीविषयक माहिती, बाजारभाव आणि इंटरनेट उपलब्ध करून द्यावे, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यत्वे साखर कारखान्याच्या व्यवहारांपुरता राहिला. आपल्या उसाचे वजन किती भरले, खत किती मिळणार, या प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याला हवी होती. त्यासाठी गावोगावी संगणक ठेवणे आणि त्यांची दुरुस्ती करत राहणे खर्चाचे होते. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या बंगळुरूतील संशोधन संस्थेने ७ गावांत संगणकाऐवजी मोबाइल फोन वापरून पाहिले. शेतकरी लघुसंदेश पाठवी आणि कारखान्याच्या नोंदींतून उत्तर मिळे. गरज नेमकी कळल्यावर साधे आणि स्वस्त साधन पुरेसे ठरले.

योग्य क्रम कोणता?

कोणतीही यंत्रसामग्री निवडण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात तयार असणे हिताचे ठरते. कोणते काम सुधारावयाचे आहे आणि ते सुधारले, हे कशावरून ओळखायचे? प्रणाली रोज कोण वापरणार? कोणते काम एक दिवसही थांबून चालणार नाही? तयारी अपुरी असल्यास तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला आहे?

निविदेत संगणकांची संख्या आणि क्षमता तपशिलाने नमूद करता येते. मात्र वरील प्रश्नांची उत्तरे पुरवठादार देऊ शकत नाही. ती कारखान्याच्या संचालकांनी, लेखापालांनी आणि त्या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शेतकऱ्यांनी किंवा कर्मचाऱ्यांनीच द्यावयाची असतात.