लायटरच्या खाचेतील वीज : गोंदियाच्या वाटेवरील मोटार-वीजदुरुस्तीचा मागोवा

मोटारीच्या डॅशबोर्डवरील बारा व्होल्टचे सॉकेट, म्हणजे मोबाइलचा चार्जर किंवा चाकात हवा भरणारा पंप जोडण्याची गोल खाच, आज प्रवासात अत्यावश्यक झाली असली, तरी ती मुळात वीज पुरवण्यासाठी घडवलेली नव्हती. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर बसला, त्यापाठोपाठ बॅटरी आणि ती भरणारा डायनामो हे मोटारीचे कायमचे घटक झाले, आणि ही वीज हाताशी आल्यावर १९२० च्या दशकात सिगार-सिगारेट पेटवणारे लायटर मोटारींत दिसू लागले. पुढे रूढ झालेल्या लायटरमध्ये दाबलेली कळ काही सेकंद खाचेतच अडकून राहते, तिच्यातील तार लाल होते, त्या उष्णतेने तळाची पाती फाकून कळ सोडतात आणि ती मागे सरकते. अशा क्षणिक कामासाठी बेतलेल्या खाचेत तासन्‌तास प्लग बसवून ठेवणे हा नंतरचा वापर होय. सॉकेटच्या बहुतेक तक्रारी या मूळ घडणीतूनच निघतात.

या तक्रारी निवारणारी विद्या कशी पसरली, हे पाहण्यासाठी गोंदियाकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धान, विडी आणि तेंदूपत्ता यांसाठी ओळखला जातो, आणि या मालाची मोठी वाहतूक दीर्घकाळ रेल्वेने होत आली; बंगाल-नागपूर रेल्वेच्या हावडा-नागपूर मुख्य मार्गावर असलेल्या गोंदियाला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्गही जोडला गेला. मोटार-दुरुस्तीचा विचार करताना मात्र नजर जिल्ह्याच्या दक्षिण भागाकडे वळवावी लागते, कारण पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ हा क्रमांक असलेला रस्ता कोहमारा व देवरीवरून छत्तीसगडात उतरतो. लांबच्या पल्ल्याचे ट्रक अशा मार्गावर जिथे थांबतात तिथे पंक्चर, बॅटरी आणि ‘सेल्फ-डायनामो’ यांची कामे मिळतात, आणि मोटारीच्या विजेचे ज्ञानही पुस्तकांपेक्षा अशाच थांब्यांवरून अधिक पसरले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कारागीर घडवण्याची केंद्रीय योजना १९५० मध्ये सुरू झाली खरी, परंतु महाराष्ट्रभर या व्यवसायाची खरी शाळा उस्तादाच्या हाताखालची उमेदवारीच राहिली, आणि तिची नोंद दप्तरांत फारशी झाली नाही, ही या इतिहासातील खेदाची बाब आहे.

या अलिखित विद्येतील सर्वांत कठीण पाठ ‘अर्थ’चा होता. मोटारीत प्रत्येक उपकरणाला दोन तारा नेत नाहीत. बॅटरीचे एक टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते आणि वीज त्या सांगाड्यातूनच परतते, म्हणून एकच तार पुरते. आज सांगाड्याला ऋण टोक, म्हणजे ‘निगेटिव्ह’ जोडतात; मात्र ब्रिटिश मोटारींत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत धन टोक जोडण्याची पद्धत प्रचलित होती, आणि स्वातंत्र्योत्तर भारतात ब्रिटिश आराखड्याच्या गाड्यांचे प्रमाण मोठे होते. अशा गाडीत बल्ब किंवा लायटर यांना दिशेचे भान नसल्याने ते बिनतक्रार चालत, परंतु ट्रान्झिस्टरचा रेडिओ उलटा जोडला की क्षणात जळे. बॅटरी बदलताना कोणते टोक सांगाड्याला आहे हे आधी पाहण्याचा जो शिरस्ता जुन्या मिस्त्रींनी पाळला, त्याच्यामागे असे महागडे अनुभव होते.

एकाच वेळी वीज आहे की नाही आणि तिची परतीची वाट शाबूत आहे की नाही, हे दोन्ही तपासण्याचे स्वस्त साधन म्हणजे टेस्ट लॅम्प : एका होल्डरमधील बारा व्होल्टचा छोटा बल्ब, त्याच्या एका तारेला चिमटा आणि दुसऱ्या तारेला टोकदार सळई. सॉकेट बंद पडले की चिमटा गाडीच्या उघड्या लोखंडाला लावून सळई खाचेच्या तळाशी असलेल्या मधल्या टोकाला टेकवतात. बल्ब पेटला तर करंट येतो आहे. मग चिमटा काढून खाचेच्या कडेच्या धातूला लावावा, आणि तिथे बल्ब विझला किंवा मिणमिणला तर सॉकेटचा ‘अर्थ’ तुटला आहे किंवा गंजला आहे. दोन्हीकडे बल्ब नीट पेटत असेल, तर दोष बहुधा सैल झालेल्या पात्यात किंवा प्लगच्या स्प्रिंगमध्ये असतो. सळई एकाच वेळी मधल्या टोकाला आणि कडेला टेकू देऊ नये, कारण मग वाटेत बल्बचा रोध राहत नाही आणि शॉर्ट होतो. पेचकस घालून चाचपण्यातही दोन्ही धातू थेट जोडले जाण्याचा धोका आहे. काही अवजड वाहनांत वीज २४ व्होल्टची असते आणि तिथे हाच बल्ब तत्काळ जळतो, म्हणून दोन निराळे दिवे बाळगावे लागतात.

सळई टेकवूनही बल्ब पेटला नाही, तर पाहायचा तो फ्यूज. फ्यूज म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वीज वाहू लागल्यास स्वतः वितळून तारेला वाचवणारी पट्टी. जुन्या ब्रिटिश आराखड्यांत अवघे दोन-चार फ्यूज असत, त्यामुळे एक गेला की हॉर्नपासून वायपरपर्यंत अनेक गोष्टी एकदम मुक्या होत आणि कारागिराला दोषाचा शोध साऱ्या गाडीत घ्यावा लागे. पुढे काचेच्या नळीऐवजी १९७० च्या दशकात पात्यासारखे रंगीत फ्यूज आले : लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. या रंगांनी घरच्या माणसाला दुरुस्तीचे दार उघडले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. झाकणावरील नकाशा पाहून सॉकेटचा फ्यूज शोधावा, गाडी बंद करून चिमट्याने तो उपसावा आणि त्याच रंगाचा दुसरा बसवावा, एवढे कोणालाही जमते. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी वरच्या अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालण्याची खोड मात्र देशभर मुरली, आणि ती आग लावणारी आहे : फ्यूज वाचतो, पण मागची तार जळते.

फ्यूज का उडाला याचे उत्तर पुष्कळदा खाचेतच सापडते, कारण सुटे नाणे किंवा चार्जरच्या टोकाचा तुटलेला धातूचा तुकडा तळाशी पडून मधले टोक कडेला जोडतो. तसे नसेल तर वापराचा हिशोब पाहावा लागतो. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, तेव्हा १५ अँपिअरच्या फ्यूजमागे सुमारे १८० वॉट मिळतात. मोबाइलचा चार्जर त्यातला लहान हिस्सा घेतो, तर हवेचा पंप एकटाच १० अँपिअरहून अधिक ओढू शकतो, आणि दोन्ही एकाच खाचेतून दुभागून चालवले की मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

गेल्या काही वर्षांत यूएसबीच्या चपट्या खाचा येऊन गोल खाच मागे पडू लागली आहे. तरीही बॅटरीवर धावणाऱ्या नव्या मोटारींतसुद्धा चाके फिरवणाऱ्या शेकडो व्होल्टच्या संचाखेरीज दिवे, हॉर्न व सॉकेट यांच्यासाठी बारा व्होल्टची वेगळी व्यवस्था ठेवलेली असते. नारिंगी आवरणाच्या उच्चदाबाच्या तारांना प्रशिक्षणाशिवाय कोणीही हात लावू नये; सॉकेटपुरते मात्र फ्यूज, अर्थ आणि बल्ब यांचे जुने गणित त्या गाडीतही लागू पडते.